दुसरी प्रत

दिवा जरा मोठा करा. गोष्ट भर दुपारची आहे, तरीही करा.

मंगळवारी जेवण आटोपून मी माझा म्हातारा संगणक हातगाडीवर घातला आणि यायराकडे नेला. समुद्रकाठच्या आमच्या केटा गावच्या बाजारात, धुरावलेली मासळी विकणाऱ्या बायकांच्या ओळीला लागून तिचं दुरुस्तीचं दुकान आहे. अडतीस वर्षं नगर कचेरीत कारकुनी केली, त्याबद्दल मला पाठदुखी आणि हा टाकाऊ संगणक मिळाला. आम्ही दोघं एकाच दिवशी बाद झालो.

"काय होतंय याला, काका?"

"टकटक करतो. मधूनच धापा टाकतो. विचारलेलं अर्ध्या तासाने सांगतो."

"म्हणजे तुमच्यावर गेलाय."

एरवी मी हसलो असतो. पण त्या डिस्कवर आक्पेनेआजींचा आवाज होता. आजींना लिहिता येत नव्हतं. जाण्याआधी त्यांनी पूर्वजांच्या नावाने जमिनीवर जिनची दारू शिंपडून, राहतं घर मुलीला, झीफाला दिल्याचं माझ्यासमोर बोलून ठेवलं होतं. आता आजींचा भाऊ आमेन्यो घर मागत होता. शनिवारी पंच तो आवाज ऐकून निकाल देणार होते. "काका, दुसरी प्रत आहे ना?" असं झीफाने मला तीनदा विचारलं. "आहे तर!" असं मी तीनदा सांगितलं. नव्हती.

यायराने आधी तार बदलली. टकटक चालूच. मग वीज पुरवणारा डबा बदलला. तरी चालूच. मग तिने पडद्यावर काहीतरी उघडलं.

"डिस्क आपल्या खराब जागा स्वतःच मोजते. एकेचाळीस झाल्यात. आधी किती होत्या?"

"काल आठ होत्या. मग मी पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासणी लावली. दोनदा."

"मरायला टेकलेल्याला शर्यतीत पळवलंत! आधी नक्कल काढायची, मग तपासायचं."

"तपासल्याशिवाय नक्कल द्यायची नाही, असा कचेरीचा नियम आहे."

"मग झीफाला कचेरीतच राहायला पाठवा."

तिने स्क्रूड्रायव्हरचं टोक डिस्कवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. बराच वेळ ऐकत राहिली.

"काका... बिघडलेली डिस्क ताल धरत नाही. ही धरतेय. दोन... थांबून एक. दोन... थांबून एक."

तो ताल मला पाठ होता. कचेरीतल्या माझ्या खिडकीवर आजींची काठी अशीच वाजायची. दोन ठोके, थोडं थांबून तिसरा, अदबीने. घराच्या कागदावर त्यांना एक शिक्का हवा होता. शिक्का माझ्याच खणात होता. मी वर्तमानपत्र खाली न घेता म्हणायचो, "उद्या या." एकोणीस वेळा म्हणालो. विसाव्या खेपेला त्यांच्या पायांत बळ राहिलं नव्हतं. निवृत्तीनंतर लाजेखातर मी त्यांच्या घरी जाऊन आवाज नोंदवून आणला, आणि झीफा तेव्हापासून मला देवमाणूस समजते.

एवढ्यात वीज गेली. पंखा थांबला. पडदा काळा झाला.

टक, टक... टक.

यायराने डिस्कची तार उपटून हातात धरली.

टक, टक... टक.

मासळीचा धूर कुठे गेला कळेना. दुकानात शिआच्या बियांच्या लोण्याचा वास पसरला. आजी तेच अंगाला लावायच्या.

"काका... कोण आहे यात?"

मी तिला सगळं सांगितलं. शिक्का, वर्तमानपत्र, एकोणीस खेपा, नसलेली प्रत. जन्मात पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होतो. माझं बोलणं संपलं तशी टकटक थांबली. मग वीज आली, यायराने तार परत जोडली, आणि नक्कल एका दमात उतरली.

मूळ नोंद चार मिनिटांची होती. नक्कल भरली अकरा मिनिटांची. आजींचं बोलणं संपल्यावर काठीचे ठोके होते, आणि त्यावर माझा आवाज, "उद्या या." पुन्हा ठोके. "उद्या या." तिसऱ्यालाच मी यायराला ते बंद करायला लावलं.

"पुढचं कापून टाकू?" तिने विचारलं.

कापलेला आवाज पंच मानत नाहीत, हे झीफाला मीच शिकवलं होतं.

"राहू दे," मी म्हणालो.

आज सकाळी पंच बसले. चार मिनिटांत घर झीफाचं झालं. पण यंत्र कुणी बंद केलं नाही. आमेन्यो बोटांवर मोठ्याने मोजत होता. "सतरा... अठरा... एकोणीस! वा साहेब, काय सेवा!" झीफा माझ्याकडे बघतही नव्हती. मी उठलो.

तेव्हा विसाव्यांदा ठोके पडले. ते काठीचे नव्हते. माझ्या बोटात आहे तशी अंगठी घातलेल्या हाताचे होते. आणि माझाच आवाज आला, मी कधीही न बोललेला, दम लागलेला. "आजी... आत येऊ का?"

वर्तमानपत्र सळसळलं. मग आक्पेनेआजी बोलल्या, अगदी अदबीने.

"साहेब, उद्या या."