निळा गडी

इंदिरानगरच्या फ्लॅटच्या मागच्या गॅलरीत बसून साधना करवतीच्या पात्याने सर्किटची हिरवी पाटी कापत होती. २००६ चा मे महिना होता. ती ज्या तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची त्याला सुट्टी लागली होती, आणि या सुट्टीत तिला भावासाठी एक वस्तू करायची होती. टीव्हीला जोडून खेळतात तो जुना व्हिडिओ गेम हातात मावेल एवढा करायचा, आणि तोही एका हाताने खेळता येईल असा.

ललितचं मानेखालचं अंग दीड वर्षापूर्वी गेलं होतं. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं तेवढी हलत. बाजारातले खेळ त्याच्या कामाचे नव्हते. साधनाने गाडीत लावायचा पाच इंची पडदा जुन्या बाजारातून आणला, एका बंद टेलिफोनची बटणं उचकटली आणि हे सगळं बसवायला आईचा प्लॅस्टिकचा चपटा डबा मागितला. आईने कुरकुर केली, पण डबा पुसून दिला.

पाटी डब्यात काही बसेना. शेवटी दुसऱ्या रिमोटची वायर जिथे लागते तो कोपराच साधनाने कापून टाकला. खेळणारा एकटाच होता.

मूळ गेम ललितच्या मित्राचा, रविराजचा. मखमलाबादला त्यांचा गुलाबाचा मळा होता, आणि शाळेत असताना ललितची प्रत्येक सुट्टी तिथेच जायची. दोघं मोठे झाले तरी जोडी सुटली नाही. डिसेंबर २००४ मध्ये मालेगावहून परत येताना चांदवडच्या घाटात त्यांची मोटारसायकल उभ्या ट्रकवर आदळली. रविराज जागीच गेला. ललित पंधरा दिवसांनी शुद्धीवर आला आणि त्याने जबाब दिला, की गाडी रविराज चालवत होता.

तेव्हापासून रविराजची आई कुसाबाई दर बुधवारी यायची. मेथीची जुडी, कधी वांगी, कधी दोडके. उंबऱ्यापाशी ठेवायची, ललितची चौकशी करायची आणि निघायची. आत बोलावलं तरी यायची नाही. आपल्या पोरापायी दुसऱ्याचं पोर अंथरुणाला खिळलं, असं ती एकदाच म्हणाली होती, पण दर बुधवारी तिची खाली घातलेली मान तेच सांगायची. साधनाने जुन्या गेमची गोष्ट काढली, तर दुसऱ्याच दिवशी ती तो कॅसेटसकट घेऊन आली.

खेळ साधाच होता. फळ्यांवरून उड्या मारत वर चढायचं, वरच्या दारातून पुढच्या मजल्यावर जायचं. एकाने खेळला तर लाल गडी, दोघांनी खेळला तर लाल आणि निळा. साधनाने संच पट्ट्याने ललितच्या हाताला बांधून दिला. पहिल्या दिवशी लाल गडी सात वेळा पडला आणि आठव्यांदा दारात पोचला. ललित हसला. स्वयंपाकघरातून आई हात न पुसताच बाहेर आली, कारण तो आवाज या घरात बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

चौथ्या दिवशी दुपारी साधनाने पाहिलं तर पडद्यावर दोन गडी होते. ललितने चुकून दोघांचा खेळ निवडला असेल असं तिला वाटलं. निळा गडी खालच्या फळीवर नुसता उभा होता. उभाच राहणार, त्याला चालवणारी वायरच नव्हती.

पाचव्या दिवशी तो दोन पावलं चालला.

साधना घाबरली नाही. एखादं टोक मोकळं राहिलं की आजूबाजूची वीज पकडतं, हे ती दरवर्षी वर्गात शिकवायची. तिने डबा उघडला, कापलेल्या कडेपाशी उरलेली तांब्याची रेघ शोधली, ती खरवडून काढली आणि भिंगातून दोनदा तपासली. मग डबा बंद करून संच ललितच्या हाती दिला. निळा गडी चालत फळीच्या टोकाशी गेला, थांबला, जागच्या जागी दोनदा उडाला आणि मग पलीकडे झेपावला.

कुठलीही भरकटलेली वीज अशी दोनदा उडून अंदाज घेत नाही. साधनाने भावाकडे पाहिलं. त्याचा अंगठा बटणावर नव्हताच.

"असंच करायचा तो," ललित म्हणाला.

त्यानंतर दोन दिवस त्याने संच मागितला नाही, आणि तिने बांधलाही नाही. तिसऱ्या दिवशी, मंगळवारी, त्याने स्वतःच मागितला. दुपारभर तो एकाच मजल्यावर अडकून होता. लाल गडी दाराजवळ पोचला की निळा आडवा उभा राहायचा. ढकलायचा नाही, मारायचा नाही, वाट तेवढी सोडायचा नाही. साधनाने खेळ बंद करून पुन्हा चालू केला. तोच मजला आला. बॅटरी काढून तासाभराने लावली. तोच मजला, आणि दारात निळा गडी. या स्वस्त कॅसेटला आठवण ठेवायची सोयच नव्हती, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"ताई, तो मला जाऊ देणार नाही," ललित म्हणाला.

तिने कारण विचारलं. त्याने डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी बुधवार. ललितने सकाळीच संच हाताला बांधून घेतला होता, आणि पडद्यावर तोच मजला होता. अकराच्या सुमाराला कुसाबाई आली, मेथी उंबऱ्यावर ठेवून वळली, तोच ललितने आतून हाक मारली. तिला आत यावंच लागलं. पदर सावरत ती पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली.

"मावशी," ललित म्हणाला, "गाडी मी चालवत होतो."

आईच्या हातातून तांब्या निसटला आणि लादीवर गडगडत गेला. कुणी उचलला नाही.

कुसाबाई खाली बसली.

"तो मागं व्हता?" तिने विचारलं.

"हो. तो सांगत होता, हळू घे. मी ऐकलं नाही."

"आन मी दीड वरीस मान खाली घालून तुमच्या दारात येते हाय."

ललितच्या डोळ्यांतलं पाणी कानापाशी ओघळलं. त्याला ते पुसता येत नव्हतं. कुसाबाई उठली, पदराने तिने त्याचं तोंड पुसलं आणि ती निघून गेली.

साधनाची नजर पडद्याकडे गेली. निळा गडी बाजूला झाला होता.

ललितचा अंगठा हलला. लाल गडी दारातून आत गेला. निळा त्याच्या मागोमाग गेला, आणि पडदा काळा झाला.

तो संच पुन्हा चालू झाला नाही. साधनाने प्रत्येक जोड तपासला, सगळं ठीक होतं. ललित मात्र त्या दिवसापासून गाढ झोपू लागला. कुसाबाईचं येणं थांबलं. ज्याची वस्तू त्याच्या घरी असू दे, असं ललित पुन्हा पुन्हा म्हणायचा. आज नको उद्या, करता करता जून संपत आला. शेवटी एका रविवारी दुपारी संच पिशवीत घालून साधना मखमलाबादला गेली.

कुसाबाई ओट्यावर गुलाबांच्या जुड्या बांधत होती. साधनाने घोकून ठेवलेलं माफीचं बोलणं सुरू केलं, पण तिने बोट ओठांवर ठेवलं.

"हळू बोल," ती म्हणाली. "पोरं आत खेळत्यात."

"कोण पोरं, मावशी?"

"आता गं बाई. तुझा भाऊ मगाशीच आला की. चालत आला."

ललितला ती तासाभरापूर्वी भात भरवून निघाली होती. आई त्याच्याजवळ होती. कुसाबाईने तिच्या हातातला संच घेतला, लिंबाच्या सरबताचे दोन भरलेले पेले थाळीत ठेवले आणि आत जाऊन दार लोटून घेतलं.

आतून खेळ सुरू होतानाची धून ऐकू आली.

साधनाच्या पर्समधला मोबाइल वाजू लागला. तिने बाहेर काढून पाहिला. घरचा नंबर होता. बराच वेळ वाजून तो थांबला आणि लगेच पुन्हा वाजू लागला.

दार उघडून कुसाबाई बाहेर आली. थाळीतले दोन्ही पेले रिकामे होते. तळाशी न विरघळलेली साखर तेवढी राहिली होती.