बाजूला फुटलेला बार

लाकूडतोड्यांच्या तळावर दोघांना फाडणारं अस्वल शोधून मारायचं, एवढ्यासाठी आम्ही तिघं डोंगर चढत होतो. वनरक्षक, माग काढणारा माझा दादा आणि बंदूकवाला मी. दादाचे कान म्हणजे त्याची रोजीरोटी! पाचोळ्यावर कोणाचं पाऊल पडलं, ते तो डोळे मिटून सांगायचा.

माझा खांदा दुखरा, म्हणून रायफलच्या नळीला मी मझल ब्रेक बसवून घेतला होता. भोकं पाडलेला बोटभर लोखंडी तुकडा. त्याने खांद्याला धक्का निम्मा बसतो, पण बाराचा दणका दोन्ही बाजूंना फुटतो. शेजारी असेल त्याची धडगत नसते.

"कानात बोळे, त्यावर कान झाकणारी टोपणं," वनरक्षकाने पायथ्याशीच बजावलं. "सगळे याच्या मागे. आणि तू आधी 'कान!' म्हणून ओरडायचंस. त्याशिवाय चाप नाही!"

"बोळे घालून मी काय ऐकणार, कपाळ?" दादा हसला. "हा ओरडला की घालेन."

ओढ्याने शिधा नेला. कड्यावर दोर तुटला, वनरक्षक थोडक्यात वाचला. तीन दिवस गेले, अस्वल काही दिसेना.

चौथ्या सकाळी दरीच्या काठाशी दादा थबकला. टोपणं गळ्यात, डोळे मिटलेले. त्याने हात वर केला: थांब. मी त्याला खेटून उभा राहिलो. वनरक्षक अजून खालीच होता.

आणि मला ते दिसलं! चाळीस पावलांवर, पाठमोरं. आता झुडपात शिरणार. ओरडलो तर पळणार. दोन पावलं पुढे गेलो असतो तरी दादा मागे राहिला असता. तेवढंही मी केलं नाही.

चाप ओढला. धाड! अस्वल कोलमडून दरीत गेलं. दादा गुडघ्यांवर आला. कानातून रक्त!

"मारलंस?" तो ओरडत होता. "अरे, बोल की! मारलंस का?"

मी बोलतच होतो.

वनरक्षक धावत वर आला. "काय झालं?"

"अंगावर आलं," मी म्हणालो. "ओरडायला वेळच नव्हता."

त्याने पंजे उगारून दादाला तेच समजावलं. दादाने मला मिठी मारली.

तळावर माझा सत्कार झाला. दादा आता घरात बसून दोर वळतो आणि येईल त्याला सांगतो, "धाकट्याने जीव वाचवला माझा!" वहिनी आधी माझं ताट वाढते. मी मान खाली घालून जेवतो. दादाला वाचता येत नाही, आणि कानाशी ओरडलं तरच थोडं ऐकू येतं. खरं सांगायचं तर ओरडून सांगावं लागेल, आणि वहिनीचे कान शाबूत आहेत.