चौतीस अंशांत कुडकुडणारा हॉल

इकडे

“माफी माग!”

“नाही!”

“सगळ्यांसमोर!”

“सगळ्यांसमोर तर मुळीच नाही!”

इमारतीच्या व्यवस्थापकांच्या टेबलापुढे गिरकी ताठ उभी होती. टेबल टेनिसच्या चेंडूला ती अशी काही फिरकी द्यायची की समोरचा नुसताच हवेत बॅट फिरवत राहायचा. म्हणून तिचं नाव गिरकी. आणि टेबलामागे बसलेल्यांचं नाव, अर्थात त्यांच्या मागे, स्क्रीनकाका. कारण ते माणसांकडे बघून बोलतच नसत. समोरच्या स्क्रीनकडे बघून बोलत.

आताही ते स्क्रीनलाच म्हणाले, “हे बघ. खेळाचा हॉल, चौतीस अंश! एसी दिवसभर धापा टाकतोय, तरी चौतीस! का? तिकडून शेरा आलाय, तुम्ही मुलं दार सताड उघडं टाकता. सगळ्यांत शेवटी हॉलमधून कोण निघतं? तू!”

“पण हॉल तापलेला नाहीये, काका! तिथे थंडी वाजते! आम्ही स्वेटर घालून खेळतो! भर उन्हाळ्यात!”

“स्क्रीन खोटं बोलते का?”

“मग मी खोटं बोलते का?”

स्क्रीनकाकांनी पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. “हो,” ते म्हणाले. “उद्या संध्याकाळी सगळ्या आईबापांना बोलावलंय. त्यांच्यासमोर म्हणायचं, ‘मी दार उघडं टाकलं आणि वर खोटं बोलले.’ तर हॉल उघडेल. नाहीतर सुट्टीभर कुलूप!”

तिकडे

तिकडे म्हणजे खूप लांब, दुसऱ्याच शहरातल्या एका खोलीत. तिथे बसून एक ताई कितीतरी इमारतींवर नजर ठेवायची. कुठली टाकी भरली, कुठला पंप थांबला, कुठली खोली तापली. प्रत्येक इमारतीत एक मोडेम बसवलेला होता. तो तिथले आकडे उचलायचा आणि तिकडे पाठवायचा. ताईला इमारती दिसायच्या नाहीत. फक्त आकडे दिसायचे.

खेळाचा हॉल: चौतीस.
खेळाचा हॉल: चौतीस.
खेळाचा हॉल: चौतीस.
शेरा: दार उघडं राहत असावं. मुलं?

त्या प्रश्नचिन्हाकडे स्क्रीनकाकांचं लक्षच गेलं नव्हतं.

घरी

“एक शब्द बोलल्याने जीभ झिजत नाही,” आई म्हणाली.

“जीभ नाही झिजत. मान वाकते.”

“अगं, तुझ्यामुळे बाकीच्यांचा खेळ बुडतोय.”

हे मात्र गिरकीला लागलं.  तिने ताटातलं सगळं संपवलं आणि ती तडक जिन्यात जाऊन बसली.

जिन्यात

तिथे दोघं आधीच बसले होते. एक भोपळा, दिसायला गोल आणि बोलायला गोड. दुसरा शंकासुर. त्याला कोणी “सूर्य उगवला” म्हटलं तरी तो खिडकीतून बघून यायचा.

“बोलून टाक ना माफी,” भोपळा म्हणाला. “मनात म्हण, ‘ही माफी नाहीच.’”

“ऐकणाऱ्यांना मनातलं ऐकू जात नाही, भोपळ्या! उद्यापासून मी सगळ्यांसाठी खोटारडी. तुला चालेल?”

“नाही,” भोपळा पुटपुटला. “पण मला खेळायचंय गं...”

“एक मिनिट,” शंकासुर म्हणाला. “सुट्टी लागायच्या आधी हॉल असा गार होता?”

“छे! तेव्हा तर घाम यायचा.”

“मग गार कधीपासून?”

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. ते मोडेमवाले दादा येऊन गेल्यापासून!

दादा आले तेव्हा गिरकी तिथेच खेळत होती. त्यांनी आधी मोडेम तळघरातल्या लोखंडी कपाटात ठेवला. तिथे सिग्नल येईना. मग ते मोडेम हातात धरून इमारतभर फिरले, रुसलेल्या बाळाला फिरवावं तसे! शेवटी खेळाच्या हॉलमध्ये सिग्नल भरभरून आला. तिथल्या भिंतीवर हॉलचं तापमान मोजणारा सेन्सर होता आणि खाली सॉकेट. दादांनी सेन्सरच्या बरोबर खाली मोडेम चिकटवला. तेवढ्यात स्क्रीनकाका डोकावले आणि ओरडले, “इथे चेंडू उडतात! झाका ते!” म्हणून दोन्हींवर मिळून एक प्लॅस्टिकचा पारदर्शक डबा बसला. डब्याला छोटं कुलूप. किल्ली स्क्रीनकाकांच्या खिशात.

“तो डबा किती चांगला होता,” भोपळा उसासा टाकून म्हणाला. “बोटं गारठली की मी तिथेच शेकायचो.”

“काय?” शंकासुर ताडकन उठला.

“अरे, तो गरम असतो ना! अख्ख्या हॉलमध्ये तेवढीच ऊबदार जागा. तुम्हाला नाही सांगितलं, नाहीतर रांग लागली असती.”

गिरकीने कपाळावर हात मारला. “भोपळ्या! तू महिनाभर उत्तरावर हात शेकत बसलायस!”

“कुठलं उत्तर?”

“मोडेम सतत चालू, म्हणून तो तापतो. डब्यातली ऊब बाहेर जात नाही. आणि सेन्सर त्याच डब्यात! तो हॉल मोजतच नाहीये. तो मोडेमचा ताप मोजतोय! त्याला वाटतं हॉल तापला, म्हणून एसी आणखी जोरात. आपण कुडकुडतोय आणि तिकडे चौतीस!”

“बरोबर वाटतंय,” शंकासुर म्हणाला. आणि लगेच, “पण पुरावा?”

फोनवर

(हॉलच्या काचेतून डब्यावर चिकटवलेला तिकडचा फोन नंबर वाचला. फोन शंकासुरच्या आजोबांचा.)

ताई: बोला, कुठली इमारत?

गिरकी: तुमच्या शेऱ्यातली मुलं बोलतोय.

ताई: ...कोण?

गिरकी: दार उघडं टाकणारी. म्हणजे न टाकणारी. ताई, रात्री आमच्या हॉलचा आकडा किती असतो?

ताई: थांबा हं. रात्री... चौतीस. पहाटे... चौतीस. अरेच्चा!

भोपळा: पहाटे आम्ही घोरत असतो!

गिरकी: आणि आज? आज तर काकांनी स्वतः कुलूप लावलंय.

ताई: आजही चौतीस. मी आत्ताच कळवते त्यांना.

शंकासुर: ताई, मोडेम बंद केला तर डबा गार होईल. मग खरा आकडा येईल ना?

ताई: येईल रे. पण तो मला दिसणार कसा? मोडेम बंद म्हणजे इकडे अंधार. आकडा आणणाराच तो.

(भोपळ्याच्या नाकाचा आवाज.)

शंकासुर: म्हणजे तो चालू असला की खोटं दिसतं, आणि बंद असला की काहीच दिसत नाही. साक्षीदार तोच आणि चोरही तोच!

गिरकी: ताई! तो परत चालू केल्यावर पहिला आकडा कधी येतो?

ताई: दोनेक मिनिटांत.

गिरकी: दोन मिनिटांत डबा तापेल?

ताई: (हळूच हसून) नाही. नाही तापणार. शाबास गं!

गिरकी: शाबासकी आत्ता नको. उद्या संध्याकाळी फोनवर थांबाल?

इकडे

ताईने खरंच कळवलं. पण स्क्रीनकाका कसले ऐकतात! “रात्री चौतीस? म्हणजे रात्रीही दार उघडं टाकतात!” आणि कुलूप असताना चौतीस? “भिंती तापल्यात! मुरायला वेळ लागतो उष्णतेला!”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉलबाहेरच्या ओसरीत सगळे आईबाप जमले. पोरं एका कोपऱ्यात. स्क्रीनकाकांनी घसा साफ केला.

“चल. बोल.”

गिरकी पुढे आली. तिची आई खाली बघत होती.

“बोलते,” गिरकी म्हणाली. “पण आधी काका, तुम्ही स्वतः हॉलमधला मोडेमचा प्लग काढा. अर्ध्या तासाने स्वतः लावा. तिकडच्या ताई पहिला आकडा सांगतील. तो पंचविसाच्या वर आला तर मी माफी मागते. दोन वेळा मागते. हात जोडून!”

“मी कशाला काढू? अटी घालणारी तू कोण?”

“ठीक. मग मी काढते.”

“खबरदार! यंत्राला हात लावायचा नाही!”

“म्हणूनच म्हटलं, तुम्ही काढा. मी हात लावला तर उद्या म्हणाल, पोरांनी बिघडवलं.”

कोणीतरी फिस्सकन हसलं. शंकासुरचे आजोबा काठी आपटत म्हणाले, “काढा की हो! प्लगच काढायचाय, दाढ नाही!”

आता नाही म्हणायची सोय उरली नाही. स्क्रीनकाका तणतणत हॉलमध्ये शिरले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा! मागोमाग सगळे. दार लावून घेतलं.

प्लग निघाला.

तिकडे

.

.

.

इकडे

अर्धा तास म्हणजे केवढा असतो, हे त्या दिवशी भोपळ्याला कळलं.

“डबा गरमच राहिला तर?” तो कुजबुजला.

“तर माफी,” गिरकी म्हणाली. तिचे हात खिशात होते, पण मुठी आवळलेल्या होत्या.

एका काकूंनी पदर घट्ट लपेटून घेतला. कुणाच्या तरी बाबांना तीन शिंका आल्या. स्क्रीनकाका जाग्यावरच पाय आपटत होते.

“काका, थंडी वाजतेय का?” भोपळ्याने गोड आवाजात विचारलं.

“छे! वारा आहे जरा.”

“दार बंद आहे, काका.”

“मग... मग खिडकी!”

“तीही बंद आहे.”

काका पुन्हा पाय आपटू लागले. त्यांचं नाक मात्र लाल झालं होतं.

मग त्यांनीच प्लग लावला. मोडेमवर एक हिरवा दिवा लुकलुकला. मग दुसरा. शंकासुरने फोनचा स्पीकर सुरू केला. सगळे फोनभोवती गोळा झाले.

“आला,” ताईचा आवाज आला. “खेळाचा हॉल... अठरा.”

“अठरा?” स्क्रीनकाका ओरडले. “परत बघा!”

“अठराच.” काही मिनिटं गेली. “आता... एकोणीस. थांबा. बावीस! दार उघडलंत का कोणी?”

“बंद आहे!” सगळे एकदम म्हणाले.

“मुलं खेळतायत?”

“उभी आहेत!” गिरकीची आई पुढे होऊन म्हणाली. तिचा आवाज सगळ्यांत मोठा होता. “माझी मुलगी माझ्यासमोर उभी आहे आणि दाराला तिचा हातही लागलेला नाही!”

थोड्या वेळाने ताई म्हणाली, “सव्वीस. अजून चढतोय.” तेवढ्यात वरच्या जाळीतून गार वाऱ्याचा झोत धप्पकन सगळ्यांच्या डोक्यावर आला. डबा गार झाल्यावर झोपलेला एसी जागा झाला होता!

आईबाप दाराकडे पळाले. भोपळा डब्याकडे. “या, या!” तो दोन्ही हात डब्यावर ठेवून म्हणाला. “काका, तुम्ही पण शेका!”

स्क्रीनकाकांनी डब्यावर हात ठेवला. कितीतरी वेळ ठेवला. मग खिशातून किल्ली काढून डबा उघडला आणि आत बोट घालून बघितलं, आधी मोडेमला, मग सेन्सरला.

“दोघांना एका घरात कोंडलंत,” ताई फोनवरून म्हणाली. “उद्या आमचा माणूस येऊन मोडेम लांब लावेल. झाकण्याआधी त्याने विचार करायला हवा होता. आणि रात्रभर एकच आकडा आला तेव्हा मलाही शंका यायला हवी होती. मी तर मुलांवर शेरा मारून मोकळी झाले. तो शेरा आत्ता खोडतेय.”

आजोबांनी शंकासुरच्या पाठीवर थाप मारली. कोणी म्हणालं, “काय डोकं आहे पोरांचं!” कोणी म्हणालं, “मोठ्यांना जमलं नाही ते यांनी केलं!” स्क्रीनकाकासुद्धा हसू आणत म्हणाले, “शाबास! फार हुशार मुलगी आहे हो!”

“हुशार नको,” गिरकी म्हणाली.

“मग?”

“काल तुम्ही मला खोटारडी म्हणालात. हुशार म्हटल्याने ते पुसत नाही.”

 आई तिला थांबवेल असं भोपळ्याला वाटलं. पण आई मुकाट्याने गिरकीच्या शेजारी येऊन उभी राहिली.

स्क्रीनकाका काहीतरी पुटपुटले.

“इकडे ऐकू आलं नाही!” फोनमधून ताई म्हणाली.

स्क्रीनकाकांनी वर बघितलं. समोर स्क्रीन नव्हती. नुसती माणसं होती, आणि सगळ्यांची नाकं लाल. “ही मुलगी खरं बोलत होती,” ते मोठ्याने म्हणाले. “दार हिने उघडं टाकलं नव्हतं. हॉल माझ्या टेबलापासून चार पावलांवर. आणि मी... मी एकदाही येऊन बघितलं नाही. माझं चुकलं.”

गिरकीने मोठा श्वास घेतला. खिशातल्या मुठी सुटल्या.

“अजून काही?” काकांनी विचारलं. “पुन्हा म्हणू?”

“नको, पुरे!” टेबलावरची बॅट उचलत गिरकी म्हणाली. “आता जरा बाजूला व्हा, काका. तुम्ही टेबलाच्या मध्ये उभे आहात, आणि सर्व्हिस माझी आहे!”