चारशे साठ तास

धूळमुक्त खोलीत शिरण्याआधी डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा चढवावा लागे. त्या सकाळी तिच्या झग्याची चेन अर्ध्यावरच अडकली. शेजारी कुणीतरी बूट घालत होतं. टोपी, मास्क, सगळं चढवलेलं. दिसत होते ते फक्त डोळे.

"दादा, जरा ही चेन ओढता का?"

त्याने अलगद ओढली. मग म्हणाला, "पण दादा नका म्हणू."

"का बरं?"

"घरी तीन बहिणी आहेत. कोटा भरलाय."

ती हसली. मास्कमुळे ओठ दिसले नसतील, पण डोळे थोडेच लपतात! "मग काय म्हणू?"

"इथे सगळे यमदूत म्हणतात."

तिचं हसू जागच्या जागी थिजलं. हाच तो...!

ती केमिस्ट होती. फोनच्या, टीव्हीच्या पडद्यांसाठी वीज लावताच स्वतः उजळणारे पदार्थ बनवणं हे तिचं काम, आणि गेली चार वर्षं ती निळ्या रंगामागे हात धुऊन लागली होती. लाल आणि हिरवा दणकट गडी, उजळत राहतात बिनतक्रार. निळा मात्र भारी नाजूक. त्याला उजळायला ताकद जास्त लागते आणि त्याच ताकदीने तो आतून तुटतो. थोडक्या विजेत भरपूर उजेड द्यायला तिने त्याला शिकवलं होतं. टिकायला शिकवणं तेवढं बाकी होतं. तिने पूड बनवायची, तळमजल्यावर तिचे काचेचे नमुने व्हायचे, बंद कपाटात जळत राहायचे, आणि काही दिवसांनी वर निरोप यायचा – 'नमुना एकोणतीस. एकशे दहा तासांत उजेड निम्मा.' निरोप पाठवणाऱ्यावर तीन महिने तिने, त्याचं तोंडही न बघता, दातओठ खाल्ले होते.

"एकोणतिसावा तुम्ही मारलात तर!"

"मी मारत नाही हो. मी फक्त वेळ लिहितो."

"निदान दोन शब्द गोड तरी लिहा."

पुढच्या निरोपात खरंच एक ओळ जास्त होती – 'नमुना तीस. एकशे चार तास. पण गेला तो मोठ्या दिमाखात.' वाचून ती एकटीच हसत सुटली. मग तळमजल्यावर तिची कामं वाढली. कधी आकडा विचारायला, कधी विसरलेली वही न्यायला... वही ती विसरायचीच कशी, हे तिचं तिलाच ठाऊक.

घरी एकदा ती आईला सांगत होती, "कितीही जीव लावा, चार दिवसांत विझतो गं तो!" बाहेरच्या खोलीतून आत्या तरातरा आत आली. "मग सोड त्याला! जरा खमका बघ." आई हसून हसून बेजार. ती मात्र, का कोण जाणे, लाजली.

शुक्रवारी मोठ्या बाईंची बैठक होती. त्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, बोलणं मोजकं. निळ्याचं काम चालू ठेवायचं की बंद करायचं, ते त्या दिवशी ठरणार होतं. त्याला बोलावलं होतं ते फक्त आकडे वाचायला. तो उभा राहिला, कागद हातात धरला आणि वाचलाच नाही.

"बाई, हे आकडे चुकलेत. चूक माझी आहे."

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"पदार्थ स्वतःहून थकला, तर उजेड सगळीकडे सारखा उतरतो. काल मी जुने नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. काळे डाग कडेकडून आत आलेत. म्हणजे बाहेरची ओल शिरलीय. ज्या बंद पेटीत मी नमुने सील करतो, तिच्यातला ओल शोषणारा थर तीन महिने बदलायचा राहून गेला. निळ्याचा दोष किती, माझा किती, ते आज कुणालाच सांगता येणार नाही."

तो गप्प राहिला असता, तर कुणाला पत्ताही लागला नसता. बाईंनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. मग तोवर झालेले एकतीसही नमुने नव्याने तपासायला सांगितले आणि निर्णय पुढे ढकलला.

बाहेर आल्यावर तिने त्याला जिन्यातच गाठलं. "तीन महिने! तीन महिने मी स्वतःला मूर्ख समजत होते!"

"माहीत आहे."

"माहीत आहे? एवढंच?"

"माफ करा म्हणायचं होतं... पण फार छोटं वाटलं ते."

दोन दिवस ती तळमजल्यावर फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी पुडीच्या बाटल्या घेऊन गेली. तो पेटीच्या रबरी हातमोज्यांत कोपरापर्यंत हात घालून एकेक काच सील करत होता. डोळे लाल, केस अस्ताव्यस्त. तिने शेजारची खुर्ची ओढली. "मी आकडे लिहिते. तुमच्या लिहिण्यावर माझा भरवसा नाही."

"बरोबर आहे," तो म्हणाला, आणि आठवड्यात पहिल्यांदा हसला.

मग दिवस कसे गेले, कळलंच नाही. दोनशे तास झाले, एकोणतिसावा उजळत होता. तीनशे झाले. साडेतीनशेला दोघं कपाटासमोर डबा उघडून बसले. तिने त्याच्या डब्यातली भाजी न विचारता घेतली, आणि त्यानेही डबा तिच्याकडेच सरकवला. एकोणतिसाव्याचा उजेड निम्मा झाला तो चारशे साठ तासांनी. बाईंना पाचशे हवे होते. त्यांनी आलेख दोनदा पाहिला, काचेच्या कडांना कुठे काळा डाग नाही ना, तेही तपासलं आणि म्हणाल्या, "चाळीस तासांसाठी चार वर्षं कोण फेकून देतं? चालू ठेवा."

ती दोन-दोन पायऱ्या उतरत खाली आली. "चालू ठेवा म्हणाल्या!"

तो उठला, पुन्हा बसला, पुन्हा उठला. "अभिनंदन. म्हणजे... आता इथलं काम संपलं तुमचं."

"संपलं."

"एक सांगू? बाईंनी नमुने नव्याने तपासायला सांगितले, तेव्हा सगळे माझी कीव करत होते. आणि मी मनात मोजत होतो... एकतीस नमुने, म्हणजे निदान तेवढे दिवस तरी तुम्ही याल."

तिची कानशिलं तापली होती. "हे बैठकीत का नाही सांगितलंत?"

"एका दिवशी एकच कबुली झेपते हो."

आता मात्र तिला हसू आवरेना. तिने कपाटाचं दार लावलं, त्याची बॅग उचलून त्याच्या हातात दिली.

"चल, बाहेर ऊन आहे," ती म्हणाली. "आणि हे अहो-जाहो पुरे. मला तू म्हण."

त्याने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"तू..." एवढंच म्हणाला तो, आणि पुढचं वाक्य साफ विसरला.