दोन तास झाले का?

पाऊ, खुर्ची पुढे ओढ. नेउस, तो फोन ठेव खाली. आणि सूनबाई, तू आत्ता पोरांना जे म्हणालीस ना, ‘दोन तास होऊ देत, समुद्र काही पळून जात नाही’, ते माझ्यासमोर परत म्हणू नकोस. घरात नको, आणि इथं गल्लीत खुर्च्या टाकून हवा खात बसलोय तिथंही नको.

हसा. नेउस म्हणते, फोनवर डॉक्टर सांगतात की जेवून लगेच पाण्यात गेलं तरी काही होत नाही. असेल गं बाई. आम्हाला आमच्या आयांनी सांगितलं, त्यांना त्यांच्या आयांनी. जेवण झालं की दोन तास वाळूत रोवलेल्या छत्रीखाली बसायचं, पायाचा अंगठासुद्धा ओला करायचा नाही. शेजारच्या गावचा एक पोरगा भरल्या पोटी उतरला आणि पाण्यात आखडून मेला, असं प्रत्येक गावात सांगायचे. तो शेजारच्या गावचा पोरगा कोण, ते मात्र कुणालाच माहीत नसायचं.

आज तारीख काय? एकतीस ऑगस्ट. मग ऐकाच. ही वोरोची गोष्ट. वोरो म्हणजे माझा दोस्त, बस चालवायचा. तुम्ही त्याला नीट पाहिलं नाही, लहान होतात.

दोन हजार नऊ साल. सोमवार, एकतीस ऑगस्ट. वोरोची नोकरी संपली होती. तो आणि त्याची बायको एंपार डोंगराकडचं घर विकून इथं समुद्राजवळ दोन खोल्यांत राहायला आले होते. पहाटे सहाला उठून पाण्यालगत पहिल्या ओळीत जागा धरायला छत्री रोवून यायची आणि घरी येऊन परत झोपायचं, हा आम्हा म्हाताऱ्यांचा धर्म. वोरो त्यात सगळ्यांच्या पुढे. तर त्या दिवशी दुपारी ही दोघं जेवायला घरी आली, आडवी झाली, आणि छत्री तिथंच राहिली.

रात्री सव्वानऊला एंपार म्हणाली, “वोरो, छत्री आणलीस का? तुझं डोकं असतं कुठं? पहाटे वाळू सारखी करायला ट्रॅक्टर येईल, तिचा भुगा करून टाकेल.”

“जातो गं. पाच मिनिटांचं काम आहे.”

गेला. चपला हातात घेऊन वाळूत उतरला. चांदणं होतं. आपला समुद्र तुम्हाला ठाऊक आहे, पन्नास पावलं आत गेलं तरी गुडघाभर. त्या रात्री तर लाटसुद्धा नव्हती. पुळणीवर चिटपाखरू नाही. छत्री एकटी उभी होती.

छत्रीखाली कुणीतरी बसलं होतं.

लहान मूल. गुडघे पोटाशी. खांद्यावरून टॉवेल गुंडाळलेला. तोंड पाण्याकडे.

वोरोला वाटलं, कुणाचं तरी पोर चुकलंय. तो जवळ गेला. म्हणाला, “बाळा, तुझी आई कुठंय?”

मूल वळलं.

“बाबा, दोन तास झाले का?”

...

ती रोझेता होती. त्याची मुलगी. सात वर्षांची. तिला जाऊन पंचवीस वर्षं होत आली होती.

वोरोची पाचावर धारण बसली. आणि तोंडातून, नुसत्या सवयीनं, त्याच्या नकळत शब्द निघाले, “थोडं थांब, बाळा.”

तिनं मान हलवली. शहाण्या मुलीसारखी. परत पाण्याकडे तोंड केलं. त्यानं डोळे मिटून उघडले, तर छत्रीखाली नुसती वाळू.

छत्री तशीच टाकून तो घरी आला. एंपारनं तोंडाचा पट्टा सोडला, तो जाऊन पलंगावर आडवा झाला.

आता मागचं सांगतो. हे सांगताना मला मध्ये थांबवू नका, एकदा थांबलो तर पुढे जाता येणार नाही.

चौऱ्याऐंशी साल, शुक्रवार, तीच तारीख. तेव्हा ती तिघं दर उन्हाळ्यात पंधरा दिवस इथं यायची. त्या दिवशी संध्याकाळच्या बसनं परत जायचं होतं. सकाळभर दोघांनी बांधाबांध केली, पोरीला सांगितलं, दुपारी शेवटचं डुंबून घे. अडीचला जेवण झालं, सशाचा भात आणि कलिंगड. वोरोनं रोझेताला छत्रीखाली बसवलं आणि बोट उगारून सांगितलं, “मी सांगेपर्यंत पाण्याला पाय लावायचा नाही. शपथ घे.” तिनं घेतली. एंपारनं तिच्यासाठी निळ्या पट्ट्यांचा टॉवेल काढून ठेवला आणि ती सामान आवरायला गेली.

वोरो पत्ते खेळायला आला. माझ्याबरोबर. वर झापाच्या सावलीत, चौघं होतो.

साडेचारला पोर आली. टॉवेल खांद्यावर. “बाबा, दोन तास झाले का?” झाले होते. वोरो उठायला लागला. आम्ही हरत होतो, वोरोच्या हातात चांगली पानं आली होती. मी त्याचा दंड धरून खाली बसवलं. मीच. म्हणालो, “एक डाव आणखी. जा गं पोरी, बस जाऊन, समुद्र काही पळून जात नाही.”

ती म्हणाली, “बरं, नेलोकाका.”

पाचला परत आली. तेव्हाही मीच बोललो. माझ्या जिभेला हाड नव्हतं.

सव्वापाचला आभाळ फाटलं. ऑगस्टअखेरची आपली गार पावसाची, विजांची झोड. गारा पडल्या. लाल बावटा चढला, पाण्यात उतरायला बंदी, माणसं छत्र्या काखेत मारून पळाली. बसची वेळ झाली. पोर रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. वोरो तिला म्हणाला, “पुढच्या वर्षी. आल्या आल्या पहिल्यांदा पाण्यातच.”

जानेवारीत तिला ताप आला. तिसऱ्या दिवशी गेली.

एंपार वोरोला त्यावरून कधी टाकून बोलली नाही. एकदाच, पुरून आल्यावर, माझ्यादेखत म्हणाली, “टॉवेल कोरडाच परत आणला मी.” बस. तो टॉवेल घडी घालून पेटीत ठेवला, पेटी पलंगाखाली, किल्ली गळ्यातल्या साखळीत. तीस वर्षं वोरो त्या पलंगावर झोपला, त्या पेटीच्या वर. झोपला म्हणायचं आपलं.

आता चौदा सालाकडे या. वोरोची फुप्फुसं कामातून गेली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, पुढचा उन्हाळा धरून चालू नका. जुलैत एक दिवस त्यानं मला हे सगळं सांगितलं, छत्री, टॉवेल, सगळं. आणि वर म्हणाला, “ती दर वर्षी येते, नेलो. त्याच रात्री. पाच वेळा आली.”

“आणि तू काय सांगतोस?”

“थोडं थांब म्हणतो.”

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा संताप आला. म्हणालो, “अरे गाढवा, तीस वर्षं झाली. अजून किती बसवतोस तिला?”

तो हातातले पत्ते पिसत राहिला. मग म्हणाला, “एकदा हो म्हटलं की ती जाणार. मग मी कुणाची वाट बघू? वर्षातून एकदा बाबा म्हणतं कुणीतरी मला.”

मी एवढंच म्हणालो, “तू गेल्यावर ती कुणाला विचारेल?”

त्यानं पत्ते खाली ठेवले. म्हणाला, “तू बरोबर चल. त्या दिवशी मला धरून बसवलंस, आता धरून घेऊन चल.”

रविवार होता. एकतीस ऑगस्ट, दोन हजार चौदा. रात्रीचे साडेनऊ. अर्धी कोर चंद्र, तीही उतरायला लागलेली. फरसबंदीवर पाय धुवायचा नळ आहे ना, तिथवर मी त्याला हात धरून नेलं. पुढे तो एकटा गेला. थांबत, खोकत. छत्री सकाळीच रोवून ठेवली होती. छत्रीच्या शेजारी वाळूत बसला.

मला दिसत होता फक्त वोरो. त्याची पाठ. छत्रीखाली काही नव्हतं. मी देवाशपथ सांगतो, काही नव्हतं.

पण तो बोलत होता.

मान उजवीकडे कललेली. खाली. एवढ्या उंचीकडे... पाऊ बसलाय ना, तेवढी.

बराच वेळ बोलला. मग बोलायचा थांबला.

मग... ऐकत होता.

माझा हात नळावर होता. नळ बंद होता, मी तो बंद असूनही आवळत होतो.

वोरोनं हात उचलला. हवेत. हळूच फिरवला, केसांवरून फिरवतात तसा. आणि मला स्पष्ट ऐकू आलं,

“झाले, बाळा. जा.”

काही नाही.

वारा नाही. लाट नाही.

...

मग पाणी वाजलं.

काठाशी. डुबुक्. परत. मग भरभर, भरभर, पळत आत जाणाऱ्या पायांचं वाजतं तसं. पाणी उडताना दिसत होतं. उडवणारं कुणी नव्हतं. दहा पावलं आत. वीस. आणि मग नुसतं डुंबणं. तासभर, पोरांनो. तासभर मी उभा होतो, आणि वोरो बसून होता, आणि त्या सपाट पाण्यात एकाच जागी पाणी खेळत होतं.

कोर बुडाली तेव्हा थांबलं.

मी जाऊन त्याला उठवलं. रडत होता, आवाज न करता. म्हणाला, “मागे वळून नाही बघितलं रे तिनं. इतकी खूश होती.” नळापाशी मी त्याचे पाय धुवायला बसलो, तर वाळू कोरडी. पायही कोरडे. तो पाण्यात उतरलाच नव्हता. मी त्याला दारापर्यंत सोडलं. एंपार टीव्हीसमोर पेंगत होती. तिला आम्ही काही सांगितलं नाही.

सकाळी सात वाजता माझं दार वाजलं. एंपार. झोपेच्या कपड्यांत, अनवाणी. गळ्यात साखळी, साखळीत किल्ली. मागे वोरो, भिंतीला धरून उभा.

म्हणाली, “नेलो, रात्री पलंगाखाली पाणी ठिबकत होतं. मला वाटलं, नळ फुटला. पेटी उघडली मी.”

तिनं हात पुढे केला. निळ्या पट्ट्यांचा टॉवेल. ओलाचिंब. जड. धरवत नव्हता तिला. त्यातून वाळू माझ्या उंबऱ्यावर पडत होती.

तिनं तो नाकाशी नेला. मग तीस वर्षांत पहिल्यांदा वोरोचा हात हातात घेतला आणि त्याला म्हणाली,

“पोर डुंबून आली रे.”