गोविंदाचा हॉर्न

१९७६ च्या जुलैत, लग्नसराई संपल्यावर, आम्ही पाचजण सदर भागातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये दुपारी तीनला जमू लागलो. मी कॉलेजच्या रसायनशाळेत सहायक, ट्यूबा वाजवायचो. बाकीचे चौघे लग्नाच्या बँडमधले. पोलीस बँडमधून निवृत्त झालेल्या आनंदरावांनी आमच्यासाठी एक रचना लिहिली होती: दोन ट्रंपेट, ट्राँबोन, ट्यूबा आणि मधोमध फ्रेंच हॉर्न. ढोल नाही, वरात नाही. लोकांनी खुर्चीवर बसून ऐकायचं संगीत.

हॉर्न गोविंदाचा. मे महिन्यात त्याचा डावा गाल लुळा पडला होता. पाणी प्यायला तरी हनुवटीवरून ओघळायचं. गाल सुधारेलच असं सांगता येत नाही, असं धंतोलीतले डॉक्टर म्हणाले होते.

"दुसरा माणूस पाहा, आनंदराव," तो म्हणाला.

"काहून? तुह्यासाठीच लिहिलं हाय. हॉर्न मांडीवर घेऊन बस."

तो रोज येऊन बसायचा. त्याच्या ओळी आल्या की तेवढी जागा रिकामी जायची आणि आम्ही पुढे वाजवत राहायचो.

पहिल्या आठवड्यात एवढंच जाणवलं, की त्या रिकाम्या जागेत आमचे सूर हलत नाहीत. मधला आधार नसला की ट्रंपेटचे सूर चढतात. इथे चढत नव्हते. सराव झाला असेल, असं मी धरून चाललो.

मग एकदा पुसण्यासाठी गोविंदाने हॉर्न उलटा केला आणि नळीतून चमचाभर पाणी फरशीवर सांडलं. वाजवणाऱ्याच्या श्वासाचं साचतं तसं.

"फुंकून पाहिलं का गा?" मी विचारलं.

त्याने मान हलवली. नाही.

पावसाळी हवा आहे, मी म्हणालो, आणि नळीला हात लावला. पितळ कोमट होतं. दमट हवेने धातू कोमट होत नाही, हे माझ्याइतकं त्या खोलीत कोणालाच ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात सूर ऐकू आला. मऊ, गोल, आम्हा चौघांच्या सुरांखालून वर येणारा. हॉर्न गोविंदाच्या मांडीवर होता.

आनंदरावांचा हात ताल देत राहिला. डोळे मात्र भरले.

गोविंदाने हॉर्न उचलला.

ओठ लावले.

सूर तुटला नाही.

ऑगस्टमध्ये कार्यक्रम झाला. गोविंदाने आपला भाग पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवला. त्याची बायको वच्छला पहिल्या रांगेत तोंडाला पदर लावून बसली होती. टाळ्या थांबल्यावर तो हसला, दोन्ही गालांनी. डॉक्टरांनाही आनंद झाला. कधीकधी असं होतं, म्हणाले.

बाहेर सायकली काढताना मी त्याला विचारलं, "त्या दिवशी सरावात तुले एकदम जमलं कसं?"

त्याने हॉर्नची पेटी कॅरिअरला बांधली.

"त्या दिवशी मी फुंकलंच नाही गा. फुंक तिकडून येऊन राहिली होती. हॉर्नातून, माह्या तोंडात. गरम. लवंगेचा वास होता तिले." मग घाईने म्हणाला, "आता मीच वाजवतो. खरंच."

आमच्यात लवंग कोणी खात नव्हतं.

घरी येऊन मी ट्यूबाचं फुंकायचं तोंड नाकाशी धरलं. पितळेच्या वासाखाली लवंग होती.