कलम विरघळण्याआधी

प्रयोगशाळेच्या पडद्यावर उन्नती इंगळेच्या मेंदूचं चित्र होतं. डाव्या कानाच्या वर, आत खोलवर, हिरवट धाग्यांचं जाळं पसरलेलं दिसत होतं. अडीच वर्षांपूर्वी ती मूर्तिजापूरहून उत्तर फिनलंडमधल्या या विद्यापीठात शिकायला आली, तेव्हा बसवलेलं हे भाषाकलम. जिवंत पेशींचं. त्याच्या जोरावर बाराव्या दिवशी ती फिनिश बोलू लागली होती.

"एकवीस तारखेला विरघळवू," डॉ. नीमी म्हणाल्या. "तीस महिन्यांनंतर ते मातृभाषेच्या जागेत घुसायला लागतं."

"भाषा जाणार, हे ठाऊक होतं," उन्नती म्हणाली. ती स्वतः मेंदूविज्ञानाचीच विद्यार्थिनी होती. "पण हे धागे पाहा. हे स्मृतिकेंद्रात कसे पोचले?"

नीमींनी चष्मा काढला. "जे ज्या भाषेत घडतं, त्याची आठवण त्या भाषेच्या धाग्यांना धरून साठते. धागे गेले की आठवणीपर्यंत जायची वाट बंद."

"म्हणजे इंग्रजीत लिहिलेला प्रबंध राहील. आईशी मराठीत बोलले ते राहील. आणि फिनिशमध्ये घडलेलं सगळं जाईल."

"बरंचसं."

"संमतिपत्रात 'किंचित धूसरपणा' असं लिहिलंय."

"परत गेलेल्यांपैकी कुणाची तक्रार आली नाही," नीमी म्हणाल्या, आणि त्यांनीच पुढे जोडलं, "काय गेलं, हे त्यांना आठवतच नाही."

उन्नतीच्या डोळ्यांसमोर आयला आली. आयला कोर्पेला, चौसष्ट वर्षांची, प्रयोगशाळेतली तंत्रसाहाय्यक. तिला फिनिशशिवाय दुसरी भाषा येत नव्हती. उणे अठरा अंशांत कापडी बूट घालून उतरलेल्या उन्नतीला तिने स्टेशनवरून थेट बुटांच्या दुकानात नेलं होतं, एक शब्दही न बोलता. ते राहिलं असतं. तेव्हा कलम जागं व्हायचं होतं. पण त्यानंतरची आयला? उन्नतीच्या चुकीने शीतपेटी उघडी राहिली आणि सहा महिन्यांचे नमुने वाया गेले, त्या दिवशीची? गोठलेल्या तळ्यावर चालता चालता आपल्या वारलेल्या बहिणीबद्दल सांगणारी?

"आठवण काढली की ती काही तास सैल होते आणि मग पुन्हा साठवली जाते," उन्नती सावकाश म्हणाली. "हे तर आपण शिकवतो. ती सैल असताना मी तिच्याबद्दल मराठीत बोलले तर?"

"मराठीच्या धाग्यांना बांधली जाईल कदाचित. कुणी करून पाहिलेलं नाही."

"एकोणीस दिवस आहेत," उन्नती म्हणाली आणि उठली.

तिने यादी केली. एकशे चाळीस प्रसंग निघाले. रोज दुपारच्या सुट्टीत ती आईला फोन लावू लागली. तिकडे आई अंगणवाडीतून नुकतीच घरी आलेली असे. एका प्रसंगाला दहा मिनिटं. सगळं जसं घडलं तसं, वासासकट, उजेडासकट. कधी घसा बसे, कधी अर्ध्यातच रडू येई. पण ठरलेले आठ प्रसंग झाल्याशिवाय ती फोन ठेवत नसे.

"नमुने नासले, मंग ते बाई काय म्हने तुले?" आई विचारी. तिला नुसता सारांश चालत नसे. माणूस नेमकं काय बोललं, ते हवं असे.

उन्नती डोळे मिटून आयलाचं वाक्य आठवी आणि आईला कळेल असं सांगे. "म्हने, रडून का होते वं? चाल, हात धू. उद्या पुन्हा लावू."

"चांगली बाई हाय," आई म्हणे.

एकवीस तारखेला कलम विरघळलं. दुसऱ्या दिवशी नीमींनी इंग्रजीतून यादी तपासली. एकशे चाळीसपैकी एकशे एकतीस प्रसंग शाबूत होते. मग त्यांनी संगणकावर नवं संमतिपत्र लिहायला घेतलं आणि उन्नतीला म्हणाल्या, "पुढच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे आधी सांगितलं जाईल."

गावी परतायच्या दिवशी, विमानतळाला जाणाऱ्या बसच्या थांब्यावर आयला आधीच येऊन उभी होती. उन्नतीला भरून आलं. ही बाई तिला पूर्ण आठवत होती, हसणं, ओरडणं, तळ्यावरचं ते बोलणं, सगळं. ती धावत गेली आणि म्हणाली, "कधीपासून उभ्या हाय तुमी?"

आयला काहीतरी बोलली. लांबलचक स्वर, मध्येच ठोके दिल्यासारखी व्यंजनं. उन्नतीला एक अक्षर कळलं नाही.

"असं काऊन बोलता?" तिच्या तोंडून निघून गेलं.

आणि मग तिला उमगलं. तिच्या आठवणीतली आयला वऱ्हाडी बोलत होती. शीतपेटीजवळ, तळ्यावर, सगळीकडे. मराठीच्या धाग्यांना बांधायचं म्हणजे हेच होणार होतं, हे मेंदूविज्ञान शिकलेल्या मुलीला आधीच सुचायला हवं होतं. एकशे एकतीस प्रसंग वाचले होते, पण त्यांत आयलाचा स्वतःचा एकही शब्द उरला नव्हता. होते ते उन्नतीचे आणि तिच्या आईचे.

आयलाने तिचे दोन्ही हात धरले आणि पुन्हा काही बोलली. या वेळी सावकाश, एक संपूर्ण वाक्य.

उन्नतीचा हात खिशातल्या फोनकडे गेला. अनुवादकाने क्षणात अर्थ सांगितला असता. पण मग हेही वाक्य मराठीत जाऊन बसलं असतं. तिने फोन तिथेच राहू दिला. पिशवीतून वही काढली आणि बोटाने खूण केली: पुन्हा म्हणा.

आयलाने पुन्हा म्हटलं. उन्नती देवनागरीत नुसते आवाज लिहीत गेली, मग वाचून दाखवलं. आयलाने मान हलवून एक स्वर लांबवायला लावला. उन्नतीने खोडून दीर्घ केला. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा आयलाने मान डोलावली.

बस सुटली. उन्नतीने वही मांडीवर उघडली. फिनिश शिकायला आता कलम नव्हतं. दोन वर्षं लागतील, तीन लागतील. पहिल्या शब्दावर बोट ठेवून ती ते वाक्य म्हणू लागली.